गावचं मातीचं घर पाडून घरकुल बांधावं, की नागपूरला फ्लॅट घ्यावा?

सेलूकर

नमस्कार मंडळी. दोन महिन्यांपासून घरात हाच विषय चालू आहे, म्हणून शेवटी इथं विचारतो.

आमचं गाव वर्धा जिल्ह्यात, सेलू तालुक्यात. घर आजोबांनी बांधलेलं. दीड हात जाडीच्या मातीच्या भिंती, वर सागाचे फाटे, त्यावर बांबू आणि कवेलू, म्हणजे गावठी कौलं. समोर सपरी, मागं माजघर, बाजूला गोठा. आईबाबा तिथंच राहतात. यंदा बाबांच्या नावानं पंतप्रधान आवास योजनेचं घरकुल मंजूर झालं, १ लाख २० हजारांचं. गावातले सगळे म्हणतात, जुनं पाडा, त्याच जागेवर स्लॅब टाका, आयुष्यभराचं काम होऊन जाईल.

धाकटा भाऊ बुटीबोरीला कंपनीत आहे. नागपुरात दोन खोल्या साडेसात हजार भाड्यानं घेऊन राहतो, सोबत बायको आणि चार वर्षांची मुलगी. त्याचं म्हणणं, गावात पैसा घालू नका. शहराबाहेर एका स्कीममध्ये वन बीएचके २२ लाखांत मिळतो आहे. मी माझे साडेचार लाख द्यावेत, बाकीचं तो कर्ज काढेल, आणि आईबाबांनाही तिकडंच न्यावं. महिन्याचा हप्ता १६ हजारांच्या आसपास बसतो.

मागच्या मे महिन्यात मी आधी चार दिवस भावाकडं होतो, मग गावी गेलो. भावाची खोली वरच्या मजल्यावर. रात्री अकराला भिंतीला पाठ टेकवली तर चटका बसला. कूलर चालू, पण हवा गरमच. गावी माजघरात दुपारी दोनला चटई टाकून झोपलो, पंखाही लावला नव्हता. ते घर पाडायचं म्हटलं की पोटात कालवतं. पण नुसत्या मायेनं निर्णय घेणं बरोबर नाही, हेही कळतं. तुम्ही काय केलंत?

कास्तकार_आर्वी

भाऊ, पाडू नका. आमी पाडलं अन् आता पस्तावून राह्यलो. २०१९ मदी घरकुल आलं, त बाबानं सगळं सपाट केलं. सागाचे फाटे मोडीच्या भावात गेले, म्याच नेऊन देल्ले. कवेलू तेवढे गोठ्यामागं रचून ठेवले, फेकायची हिंमत नाई झाली. एक लाख वीस हजारात काय होते? जोतं अन् भिंती. स्लॅबच्या वक्ती सोयाबीनचे पैसे लावले, वरून उसने घेतले. पलस्तर आजवर झालं नाई. उन्हायात दुपारी आत बसवत नाई. माय निंबाखाली बाज टाकते अन् सांजेलोक तिथंच राह्यते. घर हाये, पण राह्यते झाडाखाली.

ऑरेंजसिटी

फ्लॅट घ्या. गावात शाळा नाही, दवाखाना नाही, पुढची पिढी परत जाणार नाही. भावाचं बरोबर आहे.

पंचायतवाली

मी एका पंचायत समितीत घरकुलाचंच काम पाहते, म्हणून नियमांपुरतं सांगते.

घरकुल मिळालं म्हणजे जुनं घर पाडलंच पाहिजे, असं समजू नका. आधी राहत्या कच्च्या घराचा आणि ज्या जागेवर बांधायचं त्या जागेचा, असे दोन्ही जिओ टॅग फोटो घेतले जातात. जागा तुमच्या नावानं असली, ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर असली, की जुन्याच्या शेजारी बांधता येतं. घर किमान २५ चौरस मीटर हवं, म्हणजे साधारण २६९ चौरस फूट, स्वयंपाकाची जागा धरून. १ लाख २० हजार हे सपाट भागासाठी. गडचिरोलीसारख्या भागात १ लाख ३० हजार. शौचालयाचे १२ हजार वेगळे. रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी यात जोडलेली आहे. वाळू धोरणात घरकुलाला ५ ब्रासपर्यंत रेती मोफत आहे. ती आपोआप दारात येत नाही, अर्ज करावा लागतो.

दुसरी गोष्ट फार लोकांना माहीत नाही. पक्कं घर म्हणजे स्लॅबचंच घर, असं योजनेत कुठंही लिहिलेलं नाही. नीट डागडुजी केली तर किमान ३० वर्षं टिकेल ते पक्कं, अशी व्याख्या आहे. ग्रामविकास मंत्रालयानं 'पहल' नावानं घरांच्या नमुन्यांचा संग्रहच काढला आहे. प्रकृति, हुनर, लोकविद्या असं त्याचं पूर्ण नाव. त्यात त्या त्या भागातली माती, दगड, बांबू, कौलं धरून आराखडे आहेत. पण लाभार्थी येतो तोच म्हणत येतो, मॅडम, स्लॅब. गवंडीही तेवढंच शिकलेला असतो.

शीतल_हिंगणघाट

मी उलटं बोलणार आहे, राग मानू नका.

मातीच्या घराचं कौतुक करणारे बहुतेक जण चार दिवसांसाठी गावी जातात. सारवतं कोण? माझ्या आईनं तीस वर्षं दर आठ दिवसांनी शेणानं घर सारवलं, पोळ्याच्या आधी आणि दिवाळीच्या आधी भिंती पोतारल्या. आज तिला खाली बसता येत नाही, गुडघे गेले. पावसाळ्यात रात्री दोनला उठून गळतीखाली गंज ठेवायचे, पहाटे ते भरले की उपसायचे. फाट्यांना उधई, भिंतीच्या बिळात विंचू. एकदा वरच्या बांबूतून साप थेट पाळण्याच्या दोरीवर उतरला होता. आत माझा भाऊ होता, सहा महिन्यांचा. आईनं पाळणा कसा ओढला ते ती अजून सांगते, आणि सांगताना तिचा हात थरथरतो.

आणि सोयरीक जमवताना पहिला प्रश्न काय असतो? घर पक्कं आहे का. आमच्याकडं स्लॅब पडला त्या दिवशी आईनं गल्लीत पेढे वाटले. उन्हाळ्यात तापतं, मान्य आहे. पण ती रात्री झोपू शकते.

सेलूकर दादा, तुमच्या बाबांना विचारलंत. आईंना विचारलं का?

सेलूकर

ताई, खरं सांगतो, नाही विचारलं. तुमचं वाचल्यावर आत्ता फोन केला. आई म्हणाली, "मले घर नको नवं, मले गळती नको अन् माकडं नको."

वणीचा_वाणी

माकडं!! आईंनी शंभर टक्के बरोबर सांगितलं. आमच्या गावात कवेलूची घरं सरकारनं नाही, माकडांनी संपवली.

कास्तकार_आर्वी

एक टोळी आली का दोनशे कवेलू खल्लास. बोरीच्या काट्या टाकल्या वर, त थे काट्या बाजूले सारून बसते.

वणीचा_वाणी

आम्ही मासेमारीचं जुनं जाळं आणून कवेलूवर ताणून बांधलं. पाय अडकतो म्हणून ती बसत नाहीत. तीन पावसाळे झाले, फुटलेले कवेलू हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. नायलॉनचं जाळं घ्या. खरा प्रश्न कवेलू फेरायला, म्हणजे उतरवून पुन्हा नीट रचायला, माणूस मिळण्याचा आहे. पूर्वी मृगाच्या आधी घरोघर फेरणारे यायचे. आता आमच्या गावात एकच म्हातारे बाबा उरले, आणि त्यांना मुलं चढू देत नाहीत.

स्थापत्य_अमरावती

मी बांधकामातला माणूस. वीस वर्षं स्लॅबच टाकत आलो, त्यामुळं दोन्ही बाजू पाहिल्या आहेत. जरा सविस्तर लिहितो.

पहिलं, जमीन. सेलू तालुक्यात काळी माती असणार. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, भेगेत हात जाईल इतकी. घरकुलांच्या भिंती दोनतीन वर्षांत तिरक्या तडकतात त्याचं कारण बहुतेक वेळा वीट किंवा सिमेंट नसतं, पाया उथळ असतो. पैसे वाचवायला दोन फुटांवर पाया थांबवतात. मुरूम लागेपर्यंत खाली जा. मुरूम फार खोल असेल तर काळी माती काढून मुरमाचा भराव थराथरानं, पाणी मारून, धुम्मस करून भरा. जोत्यावर चारही बाजूंनी लोखंड घातलेला काँक्रीटचा पट्टा द्या. घराभोवती तीन फूट मुरूम-गिट्टीचा उतार करा, म्हणजे वळचणीचं पाणी पायाशी मुरणार नाही. एवढ्यावर खर्च केला तर वरती थोडं कमी चालतं. उलटं केलं तर चालत नाही.

दुसरं, भिंती. आमच्याकडं आता राखेच्या विटा सहज मिळतात. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर, सगळीकडं औष्णिक वीज केंद्रं आहेत, राख भरपूर आहे. भट्टीच्या विटेला शेतातली सुपीक माती जाते, जळण जातं. राखेच्या विटेला भट्टी लागत नाही, आणि माप सारखं असल्यानं पलस्तर पातळ लागतं. 'रॅट ट्रॅप' पद्धतीत विटा आडव्या न ठेवता उभ्या रचतात. नऊ इंची भिंतीत मधे पोकळी राहते, साधारण पाव हिस्सा विटा वाचतात, आणि पोकळीमुळं ऊन आत यायला वेळ लागतो. वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळात हे आयुष्यभर केलं. गवंड्याला पहिला दिवस जड जातो. एक भिंत त्याच्यासोबत उभं राहून करून घ्या, मग तो स्वतःच करतो.

तिसरं, छप्पर. खरी गरमी तिथून येते. चार-पाच इंचाचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्रभर खाली सोडतो. तुमच्या भावाच्या खोलीत तेच झालं. फिलर स्लॅब टाका: स्लॅबच्या खालच्या भागात सळ्यांच्या मधल्या चौकटीत जुनी मंगलोरी कौलं ठेवतात. तिथलं काँक्रीट फक्त भरतीचं असतं, ताकदीचं काम ते करत नाही. काँक्रीट वाचतं, वजन उतरतं, आत गारवा राहतो. सळ्यांचं अंतर मात्र अभियंत्याकडूनच ठरवून घ्या. वरून दरवर्षी गुढीपाडव्याच्या सुमारास चुन्याचा दाट हात मारा. स्वस्तात याहून मोठा उपाय मला माहीत नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचं. माजघराच्या भिंती सरळ उभ्या असतील, ओल नसेल, तर त्या ठेवा. समोरची सपरी काढून तिथं घरकुल उभं करा. फक्त नवी भिंत जुन्या मातीच्या भिंतीला चिकटवू नका. दोन्ही वेगवेगळ्या बसतात, सांध्यात तडा जातोच. हातभर बोळ सोडा आणि वरून पत्र्याची पन्हाळ द्या.

ऑरेंजसिटी

सगळं छान. पण भाऊ बुटीबोरीला आणि घर सेलूला, याचं उत्तर कुणी देत नाही.

वैनगंगाकाठ

थोडं विषयांतर करतो. कुणी बांबूचं नाव काढत नाही म्हणून मला राहवत नाही. आमच्या गडचिरोलीत मेंढा (लेखा) गावानं २०११ साली स्वतःच्या जंगलातला बांबू स्वतः विकायचा हक्क मिळवला. २०१७ मध्ये कायदा बदलला आणि जंगलाबाहेरचा बांबू 'झाड' राहिला नाही, म्हणून आता बांधावरचा बांबू तोडायला पूर्वीची अडचण नाही. माझ्या घराचं अर्धं छप्पर बांबूच्या कैचीवर आहे. लोक म्हणतात, किडतो. हिरवा, पावसाळ्यात तोडलेला, तसाच वापरलेला किडतोच. आमचे जुने लोक अवसेच्या सुमारास तोडून तीन आठवडे नाल्याच्या वाहत्या पाण्यात बुडवून ठेवत, म्हणजे आतली साखर निघून जाई. आता बोरॅक्स आणि बोरिक अॅसिडच्या पाण्यात भिजवतात.

शीतल_हिंगणघाट

आणि आग? चिचपल्लीच्या बांबू केंद्राला २०२२ मध्ये आग लागली होती ना?

वैनगंगाकाठ

लागली होती ताई, आणि मला त्याचं फार वाईट वाटलं. म्हणून चुलीच्या खोलीवर बांबू उघडा ठेवू नये, खालून मातीचा लेप द्यावा. आमच्याकडं चूल वेगळ्या छपरीत असते ती त्यासाठीच.

वर्धेकर

सेलूकर, तुम्ही वर्ध्याचे असून सेवाग्रामचा विषय अजून कसा आला नाही? गांधीजी १९३६ मध्ये तिथं राहायला आले, तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं. बापू कुटी मुळात मीराबेन यांची झोपडी. माती, बांबू, कवेलू, सगळं आपल्याच भागातलं. आज मे महिन्यात आत जाऊन बसा, बाहेरच्या उन्हातून आल्यावर डोक्यावर ओला पंचा ठेवल्यासारखं वाटतं. मात्र एक लक्षात घ्या, त्या घराची रोज निगा राखली जाते. शीतलताईंच्या आईंचे गुडघे ज्यात गेले, ते काम तिथंही कुणीतरी करतंच.

वर्ध्यालाच देवेंद्रकुमारजींनी ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र काढलं. तिथं कुंभाराच्या चाकावर घडवलेल्या निमुळत्या नळ्या एकीत एक अडकवून कमानीचं छप्पर करतात. त्याला ना लाकूड लागतं ना सळाख. वीसेक वर्षांपूर्वी मी उभा राहून पाहिलं आहे. दोन माणसांनी सकाळी एक कमान धरली आणि दुपारी ते तिच्यावर उभे राहून पुढची लावत होते. कुंभाराला काम मिळतं, माकडाला उचकटायला सुटा कवेलू मिळत नाही. हे आपल्या जिल्ह्यात असून आपल्याच घरांवर दिसत नाही, याची मला खंत आहे.

प्लॉटवाला_नको

फ्लॅट किंवा प्लॉटकडं वळणार असाल तर आधी माझं ऐका. नागपूरभोवती महानगर क्षेत्रात सातशेहून अधिक गावं आली, शेतांत खांब गाडून लेआउट पडले. मी २०१४ मध्ये वर्धा रोडच्या आत हजार फुटांचा प्लॉट घेतला. रस्ता आखलेला, कमान उभी, बागेची पाटी लागलेली. विकणाऱ्यानं सांगितलं, आरएल (लेआउटचं रिलीज लेटर) येतंच आहे. मी सहा वर्षं वाट पाहिली. शेवटी कळलं की जमीन अकृषक झालेलीच नव्हती, सातबाऱ्यावर आम्ही बत्तीस जण सामाईक. बँक कर्ज देईना, बांधकामाला परवानगी मिळेना. आईची पाटली गेली त्यात.

म्हणून सांगतो, अकृषक आदेश, मंजूर नकाशा, आरएल आणि फ्लॅट असेल तर महारेराचा (गृहप्रकल्प नोंदणीचा) नंबर, चारही कागद हातात घेऊन वकिलाला दाखवल्याशिवाय इसार देऊ नका. कमान पाहून पैसे दिले ते माझ्यासारखे अडकले.

धाकटा

मीच तो बुटीबोरीवाला भाऊ. दादानं लिंक पाठवली, रात्रपाळीहून आलो आणि सगळं वाचलं.

दादा, मला गाव नको असं नाही. मागच्या वर्षी घरमालकानं अकरा महिने भरल्यावर भाडं हजारानं वाढवलं. त्याच्या आधीच्या वर्षी त्याच्या मुलाचं लग्न ठरलं म्हणून पंधरा दिवसांत खोली सोडायला लावली. मी सामान एका मित्राच्या गच्चीवर ताडपत्रीखाली ठेवलं होतं, तुला सांगितलं नाही. परीची अंगणवाडी तीन वेळा बदलली. मला मोठं घर नको. कुणी उठ म्हणणार नाही एवढी जागा हवी.

आणि आईबाबांना न्यायचं म्हणालो ते मी त्यांना एकटं सोडून आलो म्हणून. रात्री गावचा फोन आला की छातीत धस्स होतं.

सेलूकर

बाळा, ताडपत्रीचं तू खरंच बोलला नव्हतास. फोन करतो.

पंचायतवाली

धाकटे भाऊ, तुमच्यासाठी दोन गोष्टी. योजनेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुलं. बाबांच्या घरकुलामुळं तुमचा शहरी अर्ज अडत नाही, मात्र तुमच्या किंवा पत्नीच्या नावानं देशात कुठंही पक्कं घर नसावं. वार्षिक उत्पन्न ३ लाखांच्या आत असेल तर शहरी योजनेतल्या मंजूर प्रकल्पात केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा १ लाख मिळतो. घर लहान असतं, चटई क्षेत्र ३० चौरस मीटरच्या आसपास, पण कागद स्वच्छ असतात. खाजगी स्कीमच्या आधी म्हाडाची सोडत आणि हे प्रकल्प पाहा.

सिंदीरेल्वे

ऑरेंजसिटी यांच्या प्रश्नाचं उत्तर मी देतो, कारण मी ते जगतो आहे. सिंदीहून बुटीबोरीला रेल्वेनं रोज जातो, आठ वर्षं झाली. आमच्या डब्यात पन्नासएक जण त्याच कामावरचे. तुमचं गाव सेलू रोड किंवा सिंदी स्टेशनापासून किती लांब आहे? दुचाकीनं वीस मिनिटांत येत असेल तर दिवसपाळीत हे निभतं. रात्रपाळीत नाही निभत, हेही सांगतो. सुटल्यावर गाडी नसते, फलाटावर झोपलो आहे मी. बुटीबोरीपर्यंत मेट्रोचा दुसरा टप्पा होतो आहे, पण आमच्यासारख्यांना सकाळी सहाची आणि रात्री साडेअकराची एक पॅसेंजर जास्त मिळाली तर अर्ध्या डब्याला शहरात भाडं भरायची गरज उरणार नाही. स्वस्त घराच्या गोष्टी करताना या गाडीचं कुणी बोलत नाही.

स्थापत्य_अमरावती

अगदी खरं. घराच्या किमतीत भाडं-हप्ता आणि जाण्यायेण्याचा खर्च एकत्रच धरला पाहिजे. गावाकडं २६९ फुटांचं घर आणि रोजचा पास, विरुद्ध १६ हजारांचा हप्ता आणि टँकरचं पाणी. कागदावर मांडून पाहा.

सेलूकर

मंडळी, पंधरा दिवसांनी येतो आहे. सगळे गावी बसलो, शीतलताईंचं पोस्ट आईला वाचून दाखवलं. साप पाळण्यावर उतरला तिथं तिनं पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, "हिच्या मायले माह्या नमस्कार सांग."

ठरलं ते असं. सपरी काढायची, माजघर ठेवायचं. गवंड्याला घेऊन पाया खणून पाहिला. साडेचार फुटांवर मुरूम लागला, बाबा खड्ड्यात उतरून मुठीत घेऊन आले. समोर घरकुलाच्या दोन खोल्या, राखेच्या विटा, फिलर स्लॅब, आत फरशी. सारवायला खाली काही ठेवायचं नाही, ही आईची अट. संडास-न्हाणी घराला लागून, उंबरठा नाही, कारण बाबांचा पाय. माझ्या साडेचार लाखांतले अडीच यात जातील. बाबांनी परवा चुन्यानं अंगणात आखणी केली आणि निंबाच्या झाडापाशी रेघ वाकवली.

उरलेले दोन लाख धाकट्यासाठी. खाजगी स्कीमचे कागद वकिलाला दाखवले. महारेराचा नंबर होता, आरएल नव्हतं. तो नाद सोडला. मंजूर प्रकल्पात अर्ज भरला आहे, नंबर लागेपर्यंत तो दिवसपाळी मागून पाहतो आहे. आमच्या घरापासून सेलू रोड स्टेशन दुचाकीनं सतरा मिनिटं. त्यानं स्वतः मोजलं, परीला पुढं बसवून.

आता अडलंय एवढंच: माजघरावरचे साडेपाचशे-सहाशे कवेलू फुटलेले आहेत. जाळं मिळालं, फेरणारा देवळीकडचा एक माणूस तयार आहे. पण जुन्या मापाचे कवेलू कुठंच मिळत नाहीत, दोन तालुके फिरलो. कुणाला माहीत आहे का?

कास्तकार_आर्वी

भाऊ, गोठ्यामागं रचून ठेवले हायेत म्हणलं होतं नं. आठशे त असतीनच. छोटा हत्ती टेम्पो घेऊन या, अन् मधात तणीस टाका, नाई त रस्त्यात फुटतीन. पैसे नका आणू. मायनं सांगतलं हाये, कोनाच्या घरावर चढून राह्यले थे तिले पाह्याचं हाये, त तिलेबी संग घेऊन जा.